कळंब्याच्या भिंतीबाहेरची माणसे
कैद्यांच्या कुटुंबांसाठी कायद्यात आणि समाजात कोणता आधार उपलब्ध आहे, याचा आढावा

कोल्हापूर, (प्रतिनिधी) - शहरातून गारगोटीच्या दिशेने निघाले की कळंबा लागते. तलाव आणि मध्यवर्ती कारागृह या दोन गोष्टींमुळे या गावाचे नाव जिल्ह्याबाहेर पोहोचले. कारागृहाची बातमी होते ती बहुधा दोनच प्रसंगी. भिंतीवरून गांजाची पुडी आत फेकली गेली, बराकीत मोबाइल सापडला किंवा २०२४ च्या जूनमध्ये घडला तसा आत खून झाला, की कळंबा पहिल्या पानावर येते. दुसरा प्रसंग सौम्य असतो. कैद्यांनी वळलेले लाडू अंबाबाईच्या प्रसादासाठी देवस्थान समितीने घेतले, दिवाळीच्या फराळाची विक्री झाली, तर त्याचे छायाचित्र आतल्या पानावर छापून येते. या दोन बातम्यांच्या मध्ये एक तिसरा समुदाय आहे आणि त्याची बातमी सहसा होत नाही. भेटीच्या दिवशी हातात पिशवी आणि ओळखपत्र घेऊन फाटकाबाहेर बसणाऱ्या आया, पत्नी, म्हातारे वडील आणि शाळा बुडवून आलेली मुले, असा हा समुदाय आहे. न्यायालयाने त्यांना कोणतीही शिक्षा सुनावलेली नसते.

या कुटुंबांसाठी काहीच तरतूद नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. विधी सेवा, जामिनासाठी अर्थसाहाय्य, मुलांसाठी दरमहा अनुदान, कर्ज, रजा, सुटकेनंतरचे पुनर्वसन अशा सर्व गोष्टी कोठल्या ना कोठल्या कायद्यात, नियमात किंवा शासन निर्णयात आहेत. अडचण आहे ती वेगळीच. या तरतुदी पाच-सहा निरनिराळ्या कार्यालयांत विखुरलेल्या आहेत आणि एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात कागद घेऊन चालत जाणारे माणूस बहुतेक घरांत उरलेले नसते. ते माणूस पुरविणे, हेच समाजाच्या मदतीचे खरे स्वरूप आहे. फळवाटप आणि व्याख्याने यांचे महत्त्व त्यानंतरचे.

कैदी म्हणजे कोण?

'कैदी' हा शब्द आपण सरसकट वापरतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यात मोठा भेद आहे. ज्यांचा खटला अद्याप चालू आहे ते न्यायाधीन बंदी, म्हणजे बोलीभाषेतले 'कच्चे कैदी'. आणि ज्यांचा दोष सिद्ध झाला ते सिद्धदोष बंदी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील कारागृहांत ५,७३,२२० व्यक्ती होत्या, आणि त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होत्या. म्हणजे दर चारांपैकी तिघांचा दोष सिद्ध झालेला नव्हता. कारागृहांची एकूण क्षमता त्या वेळी ४,३६,२६६ इतकीच होती.

कळंब्यासारख्या मध्यवर्ती कारागृहात दीर्घ मुदतीची शिक्षा झालेले कैदीही असतात, आणि ते केवळ कोल्हापूर जिल्ह्यातले नसतात. सांगली, साताऱ्यापासून कोकण आणि मुंबईपर्यंतची घरे या एका फाटकाशी जोडली गेली आहेत. मुंबईहून कोल्हापूर पावणेचारशे किलोमीटरहून दूर आहे. काही मिनिटांच्या भेटीसाठी दोन दिवसांची मजुरी, प्रवासखर्च आणि एक रात्र बसस्थानकावर, असा हा हिशेब आहे. कैद्याला शक्यतो घराजवळच्या कारागृहात ठेवावे, असे संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या 'नेल्सन मंडेला नियमां'त म्हटले आहे. प्रत्यक्षात जागा, सुरक्षा आणि टोळ्यांमधील वैर या कारणांनी कैद्यांची कारागृहे बदलली जातात, आणि कुटुंबाला आपला मार्ग बदलावा लागतो.

पहिला आघात कागदांचा

कर्ता पुरुष आत गेल्यावर घर कोठे अडते, याचे उत्तर कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात फार व्यावहारिक आहे. साखर कारखान्याकडे उसाची नोंद ज्याच्या नावावर, त्याच्याच खात्यावर बिल जमा होते. दूध संस्थेचे सभासदत्व त्याच्या नावे असते, पीककर्जही त्याच्याच नावे. ऊस शेतात उभा राहतो, तोडही होते, पण बिल ज्या खात्यात पडते त्या खात्यावर सही करणारा कळंब्यात असतो. मुलाच्या दाखल्यावर वडिलांची सही लागते. घरभाड्याचा करार, विम्याचा हप्ता, गॅसची जोडणी या सगळ्या गोष्टी एका सहीपाशी थांबतात.

यावर मार्ग आहे. कैद्याचा मालमत्तेचा हक्क अटकेने संपत नाही. कारागृह अधीक्षकांच्या परवानगीने तो मुखत्यारपत्रावर, बँकेच्या अर्जावर किंवा मुलांच्या कागदपत्रांवर अधिकाऱ्यासमक्ष सही करू शकतो आणि कारागृह प्रशासन ती साक्षांकित करते. पत्नीच्या नावे मुखत्यारपत्र झाले की निम्म्या अडचणी सुटतात. परंतु हे तिला कोणी सांगायचे? वकील खटल्याचे बोलतो. कारखान्याचा लिपिक 'सभासदालाच घेऊन या' म्हणतो. गावातील विकास सेवा संस्थेचा सचिव, ग्रामपंचायतीचा सदस्य किंवा शाळेतील एखादे गुरुजी यांनी एवढी एक गोष्ट माहीत करून घेतली, तरी एखादे घर सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचू शकते.

भेट, पत्र आणि दूरध्वनी

भेटीला कारागृहाच्या भाषेत 'मुलाखत' म्हणतात. ती ठरावीक अंतराने, नोंदवलेल्या नातेवाइकांना, ओळखपत्र पाहून दिली जाते. कच्च्या कैद्याला ती पक्क्या कैद्यापेक्षा अधिक वेळा मिळते. बोलणे जाळीच्या किंवा काचेच्या पलीकडून होते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे प्रत्यक्ष भेटी थांबल्या, तेव्हा दृक्‌श्राव्य भेटींचा वापर वाढला. राष्ट्रीय कारागृह संकेतस्थळावर 'ई-मुलाकात' या नावाने त्यासाठी नोंदणी करता येते. दूरच्या जिल्ह्यातील कुटुंबांना ही मोठीच सोय आहे. मात्र ज्या घरात स्मार्टफोन एकच आणि तोही पोलिसांनी जप्त केलेला, तेथे या सोयीचा उपयोग शेजाऱ्याच्या मनावर अवलंबून राहतो. येरवडा कारागृहात २०२३ मध्ये स्मार्टकार्डवर चालणारी दूरध्वनी सेवा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, आणि आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी सहा मिनिटे घरी बोलण्याची मुभा तिच्यात देण्यात आली.

राज्याच्या कारागृह विभागाने गेल्या दशकाच्या उत्तरार्धात 'गळाभेट' नावाचा उपक्रम सुरू केला आणि तो कळंब्यातही झाला. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला आपल्या लहान मुलांना काचेशिवाय, जाळीशिवाय भेटता यावे, जवळ घेता यावे, एवढाच त्याचा हेतू. अशा कार्यक्रमांची छायाचित्रे पाहताना वाचकांचे डोळे पाणावतात, ते स्वाभाविकच आहे. तरीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. वर्षाकाठी एखाद्या वेळी होणारी भेट हा सोहळा ठरतो, आणि मुलाला सोहळ्यापेक्षा नियमितपणा अधिक हवा असतो. त्या मुलाला महिन्यातून एकदा कळंब्याला आणून परत घरी सोडणारे कोणी असेल, तर ती मदत कोणत्याही कार्यक्रमाइतकीच मोलाची आहे.

जामीन मंजूर, सुटका नाही

कुटुंबांची सर्वाधिक ओढाताण होते ती येथे. न्यायालय जामीन मंजूर करते, घरी पेढे वाटले जातात, आणि माणूस मात्र महिनोन्‌महिने आतच राहतो. कारण आदेशात ठरावीक रकमेचा ऐपतदार जामीनदार मागितलेला असतो. जामीनदार म्हणजे नुसता भला माणूस नव्हे. त्याच्यापाशी सातबारा किंवा घरफाळ्याची पावती, शिधापत्रिका, ऐपतीचा दाखला आणि मुख्य म्हणजे न्यायालयाच्या आवारात दिवसभर थांबण्याची तयारी हवी. भूमिहीन मजूर, भटके, परप्रांतीय कामगार यांच्या ओळखीत असा माणूस सापडत नाही. सापडलाच तर 'उद्या हा पळाला तर माझ्या जमिनीवर बोजा' या भीतीने तो मागे सरतो. मग पैसे घेऊन जामीन राहणारे व्यावसायिक पुढे येतात, आणि दागिने जातात.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर १९७८ मध्येच बोट ठेवले होते. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात एका गवंड्याकडे दहा हजार रुपयांचा जामीन मागण्यात आला आणि जामीनदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याच्या कारणावरून तो नाकारण्यात आला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही पद्धत चुकीची ठरविली आणि गरिबाला जातमुचलक्यावर सोडण्याचा मार्ग मोकळा असल्याचे स्पष्ट केले. पुढल्या वर्षी हुसैनारा खातून खटल्याने बिहारमधील हजारो कच्च्या कैद्यांची स्थिती देशापुढे आणली. हे दोन्ही निकाल विधी महाविद्यालयांत आवर्जून शिकवले जातात. तालुका न्यायालयाच्या व्हरांड्यात त्यांचा उल्लेख त्या मानाने फारच कमी होतो.

अलीकडच्या काळात यात काही ठोस बदल झाले आहेत, आणि ते प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असायला हवेत. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहाकडे गेला पाहिजे. आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे आहे. प्राधिकरणाने कैद्याच्या आर्थिक स्थितीची माहिती घेऊन न्यायालयाकडे अटी शिथिल करण्याची विनंती करायची आहे. महिना उलटला तरी जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटींचा फेरविचार करू शकते. स्थानिक जामीनदारच हवा, हा आग्रह सुटकेच्या विलंबाचे एक कारण असल्याचेही न्यायालयाने नमूद केले आणि अशी अट घालू नये, असे सुचविले.

त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी अर्थसाहाय्याची योजना आणली. मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या कच्च्या कैद्यासाठी ४० हजार रुपयांपर्यंत आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्या सिद्धदोष कैद्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. प्रकरणे जिल्हास्तरीय समितीपुढे जातात. दहशतवाद, अमली पदार्थ, आर्थिक गैरव्यवहार, बालकांवरील लैंगिक अत्याचार अशा गुन्ह्यांतील आरोपींना ही योजना लागू नाही.

याखेरीज १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ महत्त्वाचे आहे. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना याचा लाभ नाही. ही मुदत पूर्ण होताच न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी अधीक्षकांवर टाकली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये जुन्या प्रकरणांनाही ही तरतूद लागू असल्याचे स्पष्ट केले.

या सगळ्याची किल्ली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापाशी आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीत असलेल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 'सरकारी वकील फुकटचा, म्हणून कामाचा नाही' ही समजूत गावोगाव आहे. २०२२ पासून अनेक जिल्ह्यांत याच कामासाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची व्यवस्था उभी करण्यात आली आहे. राष्ट्रीय पातळीवरील मदत क्रमांक १५१०० आहे. कोल्हापुरात अडथळा भूगोलाचाही आहे. कारागृह शहराच्या दक्षिण टोकाला, तर जिल्हा न्यायसंकुल उत्तरेला कसबा बावड्यात. परगावाहून आलेल्या बाईने भेट घेऊन त्याच दिवशी प्राधिकरणाचे कार्यालय गाठावे, ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. एक गोष्ट मात्र सुकर झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे काम १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील जामीन अर्ज, अपिले आणि रजेसंबंधीच्या याचिका यांसाठी कुटुंबांना मुंबईची वारी करावी लागत होती. आता सीपीआर रुग्णालयाजवळच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीपर्यंत यावे लागते.

मुलांचे काय?

आईच कारागृहात असेल तर सहा वर्षांपर्यंतचे मूल तिच्याजवळ राहू शकते. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये याविषयी सविस्तर निर्देश दिले. अशा मुलाला कैदी समजता येणार नाही. त्याचा आहार, लसीकरण, पाळणाघर, बालवाडी यांची व्यवस्था करावी. आणि जन्म कारागृहात झाला तरी जन्मनोंदीत तसा उल्लेख नसावा, असे त्यांत आहे. सहाव्या वर्षी मात्र त्या मुलाला आईपासून दूर जावे लागते. नातेवाईक पुढे आले नाहीत तर बालकल्याण समितीमार्फत संस्थेत.

याबाबत कोल्हापूरला जुनी परंपरा आहे. शहरातील बालकल्याण संकुल सर्वांना माहीत आहे. ते चालविणाऱ्या संस्थेचे नाव मात्र फार थोडे लोक वाचतात. जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना, असे ते नाव आहे. परिविक्षा म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगात न टाकता देखरेखीखाली सुधारण्याची संधी देणे, आणि अनुरक्षण म्हणजे सुटकेनंतरची काळजी. मुंबई इलाख्यात १९२४ चा बाल अधिनियम आल्यानंतर या विचाराला कायद्याचे बळ मिळाले. अनाथ मुलांचा सांभाळ आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्यांचा आधार, ही दोन कामे एकाच संस्थेच्या नावात एकत्र आली, हा योगायोग नव्हे.

मूल घरीच, आजीपाशी किंवा मामापाशी राहत असेल, तर ते अधिक चांगले. अशा घरासाठी राज्याच्या महिला व बाल विकास विभागाची बालसंगोपन योजना आहे. पालक कारागृहात असलेली मुले तिच्यात स्पष्टपणे समाविष्ट आहेत. अनुदानाची रक्कम प्रदीर्घ काळ नाममात्र होती. २०२३ मध्ये ती दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे करावयाचा, सोबत पालक कारागृहात असल्याचा दाखला जोडावयाचा. हा दाखला मागायला आजी कळंब्याच्या फाटकावर एकटी जाईल, असे धरून चालणे हीच या योजनेची दुबळी बाजू आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो.

राज्यात या क्षेत्रात सातत्याने काम करणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला. मुंबई, ठाणे परिसरातील कारागृहांत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पाठवून त्याने कैदी, त्यांचे कुटुंबीय, न्यायालय आणि विधी सेवा यांच्यात दुवा साधला. अमरावतीची 'वऱ्हाड' ही संस्था विदर्भातील कैद्यांच्या मुलांसाठी काम करते. दोहोंच्या कामात एक साम्य दिसते. त्यांचा कार्यकर्ता कैद्याच्या घरी जातो. आतल्या माणसाला 'पोरे शाळेत जातात' एवढा निरोप खात्रीने मिळाला, तरी त्याचे मन थाऱ्यावर येते. पश्चिम महाराष्ट्रात समाजकार्य शिकविणाऱ्या संस्था आहेत, कोल्हापुरातही 'सायबर'मध्ये हा अभ्यासक्रम आहे. प्रशिक्षित मनुष्यबळ नाही, ही सबब या भागाला लागू पडत नाही.

रजा आणि गावाचा शब्द

सिद्धदोष कैद्याला दोन प्रकारच्या रजा मिळू शकतात. संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. दोन्हींचे नियम १९५९ चे आहेत, त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. फर्लोचा काळ शिक्षेत धरला जातो. पॅरोलचा धरला जात नाही. पॅरोल आजारपण, मृत्यू, विवाह अशा कारणांसाठी असतो. घराशी नाते टिकावे हा या रजांचा हेतू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अशफाक विरुद्ध राजस्थान राज्य या निकालात सांगितले. तरीही रजा हा निरपवाद हक्क मानला जात नाही.

गावाचा संबंध येथे थेट येतो. रजेच्या अर्जावर स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो, आणि जामीन राहणारा नातेवाईक लागतो. पोलीस शेजाऱ्यांना, सरपंचांना, पोलीस पाटलांना विचारतात. 'हा आला तर शांतता बिघडेल' असे दोघा-तिघांनी सांगितले की अहवाल प्रतिकूल होतो. कधी ही भीती खरी असते, विशेषतः फिर्यादीचे घर चार पावलांवर असेल तेव्हा. तिची दखल घेतलीच पाहिजे. परंतु अनेकदा तो नुसता कंटाळा किंवा जुना हेवा असतो. ठोस कारण नसलेल्या अशा अहवालांवरून रजा नाकारणे योग्य नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटले आहे. पण निकाल मिळेपर्यंत आई वारलेली असते.

आटपाडीचा दाखला

कैद्याला कुटुंबापासून तोडले नाही तर काय होते, याचे उत्तर शोधायला दूर जाण्याची गरज नाही. सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले गांधीवादी अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने ती १९३९ मध्ये सुरू झाली. कैद्यांना भिंतीशिवाय, पहारेकऱ्यांशिवाय शेती करू द्यावी आणि बायकामुलांना त्यांच्याजवळ राहू द्यावे, ही कल्पना त्या काळी वेडेपणाची वाटली असणार. वसाहत संस्थान विलीन झाल्यावरही टिकली आणि राज्याच्या कारागृह विभागाकडे आली. कोल्हापूरचेच व्ही. शांताराम यांनी याच प्रयोगावरून १९५७ मध्ये 'दो आँखे बारह हाथ' काढला. कथा आटपाडी परिसरातच वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांची होती. चित्रपटाला बर्लिनमध्ये पारितोषिक मिळाले. वसाहत मात्र लहानच राहिली; तिची पुनरावृत्ती त्या प्रमाणात झाली नाही.

खुद्द कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये 'गुन्हेगार' ठरविलेल्या जातींची हजेरीची सक्ती रद्द केली आणि फासेपारध्यांना संस्थानात कामे दिली. ज्याला रोज चावडीवर हजेरी द्यावी लागते त्याला कोणी काम देत नाही, आणि काम नसले की तो पुन्हा संशयित ठरतो, हे चक्र त्यांनी ओळखले होते. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, कारागृहांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरविताना, विमुक्त जमातींना जन्मतःच सराईत समजण्याच्या वृत्तीवर ताशेरे ओढले. मधल्या काळात शंभरावर वर्षे गेली होती.

आतली कमाई, बाहेरची गरज

कैद्याला कामाची मजुरी मिळते. ऑगस्ट २०२३ मधील वाढीनंतर राज्यात कुशल कैद्याला दिवसाला ७४, अर्धकुशल ६७ आणि अकुशल ५३ रुपये, तर खुल्या वसाहतीतील कैद्याला ९४ रुपये असा दर झाला. यातून तो कँटीनचा खर्च भागवतो आणि परवानगीने घरी पैसे पाठवू शकतो. रक्कम तुटपुंजी असली तरी घरात येणारी ती मनीऑर्डर केवळ पैशांची नसते. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवड्यात 'जिव्हाळा' ही कर्जयोजना सुरू केली, तिचे तारण याच मजुरीचे. ५० हजार रुपयांपर्यंत, सात टक्के व्याजाने, अन्य तारणाशिवाय. मुलीचे लग्न, मुलाची फी, वकिलाचा खर्च यांसाठी कैद्याने कर्ज काढावे आणि आतल्या श्रमातून ते फेडावे, ही कल्पना सहकाराच्या मुलखाला साजेशी आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील नागरी बँका आणि पतसंस्थांनी तिचा अभ्यास करायला हरकत नाही.

या विषयावर बोलताना एक प्रश्न हमखास विचारला जातो: ज्यांचे माणूस गेले, त्यांच्यासाठी कोण काय करते? प्रश्न रास्त आहे. पीडितांना नुकसानभरपाईची तरतूद कायद्यात आहे, बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी राज्याची 'मनोधैर्य' योजना २०१३ पासून आहे, आणि या तरतुदीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फतच मिळवाव्या लागतात. दोन्ही बाजूंची घरे अखेर त्याच कार्यालयाच्या बाकावर येऊन बसतात. एकाला दिलेली मदत दुसऱ्याच्या ताटातून काढलेली नसते.

सुटकेचा दिवस

सुटकेचे आदेश, त्यांची पडताळणी, नोंदी, हे सोपस्कार आटोपेपर्यंत बहुधा संध्याकाळ होते. माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात कपड्यांची पिशवी आणि खात्यावर उरलेली मजुरी असते. घरचे आले असतील तर ठीक. नाही तर मध्यवर्ती बसस्थानक गाठायचे आणि पुढची गाडी पाहायची. अनेक वर्षांनी बाहेर आलेल्याला तिकिटाचे दर ठाऊक नसतात, घरच्यांचे बदललेले दूरध्वनी क्रमांकही नसतात. मुक्त कैद्यांना स्वयंरोजगारासाठी अनुदान देण्याची योजना महिला व बाल विकास विभागाकडे आहे. तिची चौकशी जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांकडे करावी लागते. आधार, शिधापत्रिका, बँक खाते या गोष्टी सुरळीत असतील तरच तो अर्ज पुढे सरकतो. त्यामुळे या कागदांची तयारी सुटकेच्या दोन-तीन महिने आधीच, एखाद्या भेटीच्या दिवशी, घरच्यांनी आतल्या माणसाशी बोलून सुरू केलेली बरी. शिधापत्रिकेतून नाव कमी झाले असेल तर ते पुन्हा चढविण्यासाठी सुटकेचा दाखला तहसील कार्यालयात द्यावा लागतो. त्याची प्रत बाहेर पडतानाच मागून घ्यावी.